खाडी, सडा आणि पाऊस : शाळेचा अभ्यासक्रम वर्गाबाहेर कसा शिकवता येतो

मुलांना शाळेबाहेर नेणे म्हटले की आपल्याकडे पहिल्यांदा वार्षिक सहल आठवते. गाडी ठरते, वर्गणी जमते आणि एखादा गड, एखादे देऊळ, एखादा समुद्रकिनारा पाहून मुले रात्री उशिरा घरी परततात. सहलीला तिचे स्थान आहे आणि ती व्हावीच; परंतु या लेखात ज्या पद्धतीविषयी लिहायचे आहे, ती वेगळी आहे. परिसरातून शिकवणे म्हणजे पाठ्यपुस्तकातलाच एखादा घटक, वेळापत्रकातल्याच तासाला, शाळेपासून दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेवर जिथे तो प्रत्यक्ष घडत असतो तिथे जाऊन शिकवणे, आणि परत आल्यावर वर्गात बसून त्यावर पुढचे काम करून घेणे. अपूर्णांक, क्षेत्रफळ, निबंध, नकाशा, अन्नसाखळी, स्थानिक इतिहास यांपैकी काहीही त्याला वर्ज्य नाही. कोकणातल्या शाळेला तर खाडी, पुळण (वाळूचा किनारा), सडा (जांभ्या दगडाचे पठार), भातशेत, देवराई आणि चार महिने कोसळणारा पाऊस असे सगळे हाताशीच मिळालेले असते.

या लेखातला मुख्य आग्रह एकच आहे. दर वेळी नवी जागा शोधण्यापेक्षा शाळेजवळची एकच जागा निवडावी, तिथे वर्षभर पुन्हा पुन्हा जावे आणि तिथे सगळे विषय शिकवावेत. पहिल्या खेपेला मुले इकडेतिकडे पाहण्यातच रमतात, आणि ते स्वाभाविक आहे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांना मागच्या वेळेपेक्षा काय बदलले ते दिसू लागते, आणि प्रश्न तिथूनच सुरू होतात.

मुलांच्या बाबतीत नेमके काय घडते

‘लांबी गुणिले रुंदी म्हणजे क्षेत्रफळ’ हे सूत्र पाचवीतले बहुतेक मूल घडाघडा सांगते. त्याच मुलाला आपला वर्ग चाळीस चौरस मीटरचा असेल की चारशे, असे विचारले तर ते गोंधळते, कारण चौरस मीटर म्हणजे जमिनीचा केवढा तुकडा, हे त्याने कधी पायाखाली घेऊन पाहिलेले नसते. वहीवरची आकृती आणि प्रत्यक्षातली वस्तू यांच्यातला हा दुवा वर्गात बसून जोडणे कठीण असते. अंगणात दोरी टाकून तो काही मिनिटांत जोडला जातो. परिमाणांचा अंदाज, दिशांचे भान, काळाचे आणि अंतराचे भान या सर्वांच्या बाबतीत हेच खरे आहे.

दुसरा मुद्दा अवधानाचा. बाहेरून आलेली मुले चेकाळलेली असतात आणि पुढचा तास वाया जातो, अशी अनेक शिक्षकांची धास्ती असते. अमेरिकेतील तिसरीच्या वर्गांवर झालेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच शंकेचे उत्तर शोधण्यासाठी केलेला होता. झाडांच्या सान्निध्यात एक पाठ झाल्यानंतर मुलांना वर्गात आणून पुढचा पाठ घेण्यात आला, तेव्हा त्यांचे लक्ष अधिक टिकले. लक्ष वळवण्यासाठी शिक्षकांना शिकवणे मध्येच थांबवावे लागण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. तिसरा मुद्दा डोळ्यांचा आहे आणि आपल्याकडे तो फारसा बोलला जात नाही. चीनमधील ग्वांगझौ शहरात पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा जादा तास उघड्यावर देण्यात आला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांनी त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी जडलेली आढळली, तर असा तास नसलेल्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. डोळ्यांना दिवसाचा मोकळा उजेड मिळणे हे त्याचे मुख्य कारण मानले जाते.

ही वाट कोकणानेच आधी पाहिलेली आहे

परिसरातून शिकवण्याची कल्पना परदेशातून आली, असे कोणी म्हटले तर त्याला बोर्डी आणि कोसबाडची आठवण करून द्यावी. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. बालशिक्षणाची महागडी साधने आणण्याऐवजी त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने, काटक्या वापरल्या. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ या नावाने ती कल्पना पुढे देशभर पोहोचली. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शिक्षक कुरणावर गेले. त्या प्रयोगाला कुरणशाळा म्हणत. गुरे चरत असताना तिथल्याच दगडापानांवर मोजणी आणि अक्षरओळख होत असे. या दोघींच्या कामाचे मोल मला फार मोठे वाटते, कारण मूल जिथे आहे आणि जे जाणते, तिथून शिक्षण सुरू करायचे, हा विचार त्यांनी अत्यंत गरीब वस्तीत, तुटपुंज्या साधनांनिशी करून दाखवला.

त्याआधी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षण देणारी नई तालीम मांडली होती. स्कॉटलंडमध्ये २०१० साली सर्व विषयांचा अभ्यासक्रम परिसरातून कसा शिकवावा, यासाठी शासकीय मार्गदर्शन प्रसिद्ध झाले. आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली अनुभवाधारित अध्ययनावर भर दिला आणि सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सोबतीने शिकण्याची तरतूद केली. म्हणजे मान्यता आहे, धोरण आहे. उरतो तो प्रश्न मंगळवारच्या तिसऱ्या तासाला नेमके काय करायचे, हा.

भरतीचे गणित

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा पाठ आहे. किनाऱ्यावरची मुले हा विषय पाठ्यपुस्तकाच्या आधीपासून जाणतात, परंतु त्यांना जे ठाऊक आहे ते आणि पुस्तकात जे छापले आहे ते एकच आहे, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेले नसते. कोकणातल्या मच्छीमारांचा जुना हिशेब असा आहे की तिथीला पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास; अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सहाच्या सुमारास. ओहोटीचा तळ त्याच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर येतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी आणि खाडीच्या आतल्या गावांत थोडी उशिरा येते. त्यामुळे प्रत्येक गावाला हिशेबात आपला फरक धरावा लागतो.

पाचवीच्या मुलाला पाव, अर्धा, पाऊण शिकवण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे, कारण आलेले उत्तर दुपारी जेटीवर जाऊन तपासता येते. जेटीच्या खांबावर फूट आणि इंचांच्या खुणा रंगवून घ्याव्यात आणि वरून, पाण्यात न उतरता, ठरलेल्या वेळी पाण्याची पातळी वाचावी. महिनाभराच्या नोंदी आलेखावर मांडल्या की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती, आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे सर्वांत लहान, भरती यांतला फरक मुलांना आपल्याच हाताने काढलेल्या रेषेत दिसतो.

आठवीच्या मुलांना यापुढे नेता येते. चंद्र एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवसांत सूर्याच्या तुलनेत एक फेरा पूर्ण करतो. ३६० अंशांना २९.५ ने भागले तर रोजचे सुमारे १२.२ अंश येतात. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून चंद्रासमोर पुन्हा येण्यासाठी तिला रोज सुमारे ४९ मिनिटे जास्त फिरावे लागते, आणि भरती रोज साधारण तेवढ्याच वेळाने पुढे सरकते. पुस्तकात छापलेली पन्नास मिनिटे इथून येतात. आता मच्छीमारांच्या सूत्राकडे परत यावे. पंधराव्या तिथीला पाऊणपट केली तर सव्वाअकरा येतात. पण पुढच्या पक्षाचा हिशेब पुन्हा बाराच्या पुढे सुरू होतो. मधला पाऊण तास कुठे गेला? पाऊणऐवजी चार-पंचमांश घेतले तर पंधराव्या तिथीला बरोबर बारा येतात. मग जाणत्यांनी पाऊणच का वापरली असेल? तोंडी हिशेबाला पाऊण सोपी पडते, आणि होडी लोटायला एवढा अंदाज पुरतो. अचूकता किती हवी हे कामावरून ठरते, ही विज्ञानातली मोठी गोष्ट मुले इथे स्वतःच्या आकडेमोडीतून शिकतात.

याच हिशेबातून शिक्षकांसाठी एक अडचण आणि तिच्यावरचा उपायही निघतो. शाळेच्या वेळेत, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास, ओहोटीचा तळ सापडतो तो अष्टमीच्या आसपास. परंतु ते दिवस भांगाचे असल्यामुळे पाणी फारसे उतरत नाही आणि खडक किंवा चिखल पुरेसा उघडा पडत नाही. उधाणाच्या दिवसांत पाणी खूप ओसरते, पण ते पहाटे आणि संध्याकाळी. आपल्याकडच्या बऱ्याच शाळा शनिवारी सकाळी भरतात. तृतीया किंवा चतुर्थी शनिवारी आली तर ओहोटीचा तळ साधारण आठ ते पावणेनऊच्या दरम्यान मिळतो आणि उधाणाचा जोरही अजून टिकून असतो. वर्षाच्या सुरुवातीला कालदर्शिका घेऊन असे शनिवार मुलांकडूनच शोधून घ्यावेत.

सुंभाच्या दोरीचा एक तास

अशा एका शनिवारी खाडीकाठी काय शिकवता येईल, ते थोडे जवळून पाहू. साधन एकच: सुंभाची दोरी. वर्गात आधीच तिच्यावर सारख्या अंतराने गाठी मारून बारा समान भाग केलेले असावेत. दोरीची दोन टोके जोडून तीन, चार आणि पाच भागांच्या बाजू होतील अशी तीन मुलांनी ती ताणली की तीन आणि चार भागांच्या बाजूंमध्ये काटकोन तयार होतो. पायथागोरसचा सिद्धांत पुस्तकात यायच्या आधीच सहावीतल्या मुलाला त्याचा उपयोग कळतो. या काटकोनाच्या आधारे चिखलाच्या कडेला एक मीटर बाजूचा चौरस आखायचा. गवंडी जोत्याचा कोन असाच काढतात, हे सांगणारे एखादे मूल वर्गात हमखास निघते.

आता चौकटीतली खेकड्यांची बिळे मोजायची. समजा, पाच चौकटींत १४, ९, २२, ११ आणि १९ बिळे मिळाली. बेरीज ७५, सरासरी १५. उघडी पडलेली जागा दोनशे चौरस मीटर असेल तर तिथे सुमारे तीन हजार बिळे असावीत. इतके झाल्यावर शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा: चौकटी कुठे टाकायच्या हे तुम्ही कसे ठरवले? बहुतेक गटांनी जिथे बिळे जास्त दिसली तिथेच दोरी टाकलेली असते. मग तीन हजार हा आकडा खरा मानायचा का? पाण्याजवळ बिळे जास्त आणि तिवरांच्या, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांच्या, मुळांशी कमी असतील तर काय करायचे? नमुना कसा निवडावा, हा संख्याशास्त्राचा पाया आहे, आणि डोळे मिटून खडा फेकून जागा ठरवण्याची युक्ती मुले स्वतःच काढतात.

मोजणी चालू असतानाच विज्ञान समोर येत असते. एक नांगी भलतीच मोठी असलेले नर खेकडे, चिखलावर उड्या मारणारे निवटी मासे, चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली तिवराची श्वसनमुळे. पाण्याने भिजलेल्या चिखलात हवा राहत नाही, म्हणून ही मुळे वर येऊन श्वास घेतात. तिवराच्या पानाच्या पाठीवर साठलेले मीठ बोटाला लावून चाखता येते. खाऱ्या पाण्यातले झाड जास्तीचे मीठ कसे बाहेर टाकते, याचा तो पुरावा. कांदळाची बी झाडावर असतानाच रुजते आणि लांबट कोंब खाली लोंबतो, तेही तिथेच पाहावे. महाराष्ट्राने २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. तिची गोल, चपटी फळे खाडीकाठच्या मुलांच्या चांगल्याच ओळखीची असतात. मात्र गेवा या झाडाचा पांढरा चीक डोळ्यांना अपायकारक असतो. म्हणून कोणत्या झाडाला हात लावायचा आणि कोणत्याला नाही, हे जाणत्या माणसाकडून आधी ओळखून घ्यावे.

भाषेचा तास परत आल्यावर होतो. मुलांना ‘खाडीकाठी एक तास’ असा निबंध लिहायला सांगू नये. त्यातून ठरीव वाक्येच येतात. त्याऐवजी दोरीने काटकोन कसा काढावा हे दुसऱ्या शाळेतल्या मुलाला समजेल अशा सूचनांत लिहायला सांगावे. एखादी पायरी सुटली की दुसऱ्या गटाचा कोन चुकतो, आणि नेमकेपणाने लिहिण्याचे मोल लगेच कळते. मोठ्या मुलांनी होडीवरच्या एखाद्या आजोबांची किंवा मासळी विकणाऱ्या आजींची मुलाखत घ्यावी, ती आधी त्यांच्याच बोलीत, मालवणीत किंवा संगमेश्वरीत, जशीच्या तशी उतरवावी आणि मग प्रमाण मराठीत तिचा वृत्तान्त लिहावा.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. खारवी, गाबीत, दालदी, कोळी घरांतली अनेक मुले वर्गात गप्प असतात आणि प्रगतिपत्रकावर मागे दिसतात. जाळे, वारा, पाणी, मासळीचे हंगाम यांविषयी मात्र त्यांना इतके ठाऊक असते की जेटीवर गेल्यावर वर्गातली उतरंड बदलते. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, मासळी ओढणाऱ्यांत आणि जाळेवाल्यांत कशी वाटली जाते, याचा हिशेब गुणोत्तर-प्रमाणाच्या कोणत्याही उदाहरणाइतकाच गुंतागुंतीचा असतो, आणि तो घरातल्या मुलाला येत असतो. शिक्षकाने अशा वेळी ‘मला हे माहीत नाही, तू सांग’ असे म्हटले, तर त्या मुलाचे शाळेशी असलेले नातेच बदलू शकते. मला या पद्धतीचा हा सर्वांत मोठा लाभ वाटतो आणि तो कोणत्याही चाचणीत मोजला जात नाही.

पाऊस, विहीर आणि सडा

जून-जुलैत बाहेर पडणे अवघड असते, पण तेव्हा पाऊस स्वतःच शाळेच्या दारात येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, ही एवढीच गोष्ट पक्की समजली तर पुष्कळ गणित उलगडते. सरळ बाजूंच्या बाटलीवर मिलिमीटरची पट्टी चिकटवून पर्जन्यमापक करावा आणि पागोळ्यांपासून व झाडांपासून दूर ठेवावा. शाळेचे छप्पर दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद जागा झाकत असेल आणि एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर छपरावरून तीन हजार लिटर पाणी वाहून गेले. हंगामात तीन हजार मिलिमीटर धरले तर ते एक लाख ऐंशी हजार लिटर होते. मग त्याच गावात एप्रिल-मे महिन्यांत टँकर का येतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र एकत्र येतात. सह्याद्री आणि समुद्र यांच्यातली पट्टी अरुंद आणि उताराची आहे, नद्या आखूड आहेत, पाणी काही तासांत खाडीला मिळते. सड्यावरचा जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यातून मुरलेले पाणी खालच्या चिकण थरावर अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडून निघून जाते. जांभ्याच्या चिऱ्यावर आणि काळ्या दगडावर एकेक पेला पाणी ओतून काय होते ते मुलांनी पाहावे, दर महिन्याला विहिरीची पातळी दोरीने मोजावी, आणि वर्षाअखेरीस आपल्या नोंदी घेऊन ग्रामपंचायतीत जावे. ज्या मुलांनी बारा महिने विहीर मोजली आहे, त्यांचे प्रश्न पाठ करून आलेल्या मुलांपेक्षा वेगळे असतात.

पावसाचा जोर ओसरला की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सडा फुलतो. सीतेची आसवे, गेंद, कवला, तेरडा यांचे गालिचे पसरतात आणि मधूनच कीटक पकडणारी दवबिंदू वनस्पती दिसते. जांभ्यावरच्या पातळ मातीत नत्र कमी असते, म्हणून ती कीटकांपासून ते मिळवते. सीतेची आसवेही आपल्या सूक्ष्म फुग्यांत बारीक जीव पकडतात. पोषणाच्या पद्धती हा पाठ इथे जमिनीवर बसून, भिंगातून शिकवावा.

रत्नागिरी-राजापूर भागातल्या शाळांना सड्यावर आणखी एक ठेवा लाभलेला आहे. उक्षी, काशेळी, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ अशा ठिकाणांची कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. त्यांच्या काळाविषयी संशोधकांत अजून एकमत नाही, आणि इतिहासाच्या तासाला हीच मोठी संधी आहे. ज्या चित्राबद्दल कोणताही लेख, कोणतेही नाणे सापडलेले नाही, त्याचा काळ कसा ठरवायचा? आज कोकणात नसलेला गेंडा त्यात दिसतो, यावरून काय अनुमान काढता येईल आणि काय काढता येणार नाही? शेजारी बसून, रेषांवर पाय न ठेवता, दोऱ्यांची जाळी कल्पून ते चित्र आलेख कागदावर प्रमाणात उतरवले की चित्रकला आणि प्रमाण हे दोन्ही घटक एकाच तासात येतात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या शाळेला हेच काम १६६४ साली सुरू झालेल्या त्या बांधकामावर करता येईल. वेळास-आंजर्ल्याच्या शाळांना ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांवर, जिथे वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते.

धोके, मर्यादा आणि नोंदी

कोकणातल्या सड्यावर फुरसे आढळते आणि ते दगडांच्या रंगात मिसळून जाते. म्हणून बूट, काठी आणि ‘दगड उलटायचा नाही, कपारीत हात घालायचा नाही’ हा नियम याला पर्याय नाही. खाडीकाठी ओहोटीचा तळ येण्याच्या सुमारे तासभर आधी पोहोचावे आणि पाणी वळले की निघावे, काम अर्धे राहिले तरी. चिखल किती खोल आहे हे गावातल्या माणसाने आधी चालून पाहिलेले असावे. उथळ पाण्यात वाळूखाली पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, असू शकते, त्यामुळे मुलांनी पाण्यात उतरू नये. पावसाळ्याच्या आधी आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर गडगडाट ऐकू आला की मोकळ्या सड्यावरून लगेच परतावे. जिवंत शंख-शिंपले गोळा करू नयेत. काही सागरी जीवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि कांदळवनाची तोड हा गुन्हा आहे. शाळा व्यवस्थापन समितीची मान्यता आणि पालकांची संमती वर्षाच्या सुरुवातीला एकदाच घेतली, तर दर वेळी कागद फिरवावे लागत नाहीत. दोनशिक्षकी शाळेत मोठा प्रश्न मनुष्यबळाचा असतो. तिथे माता-पालकांना सोबत घ्यावे, आणि एकाच चौकटीत पहिलीच्या मुलाने मोजावे, तिसरीच्याने नोंदवावे, पाचवीच्याने सरासरी काढावी, अशी कामाची वाटणी करावी. बहुवर्ग शाळेला ही पद्धत उलट अधिक जुळते.

जागा निवडताना वर्गातल्या ज्या मुलाला चालणे सर्वांत कठीण आहे, त्याला पोहोचता येईल अशीच निवडावी. तेवढ्यासाठी खाडी सोडून शाळेचे पटांगण निवडावे लागले तरी हरकत नाही, कारण पटांगणातही भरपूर आहे. एक मीटरच्या काठीची सावली आणि माडाची सावली एकाच वेळी मोजली की समरूप त्रिकोणांवरून माडाची उंची मिळते. काठीची सर्वांत आखूड सावली घड्याळात बारा वाजता पडत नाही, हे मुलांच्या लगेच ध्यानात येते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि रत्नागिरी सुमारे ७३.३ अंशांवर आहे, ९.२ अंशांना चार मिनिटांनी गुणले की जवळजवळ ३७ मिनिटांचा फरक निघतो.

सगळेच बाहेर शिकवावे असा माझा आग्रह नाही. पाढ्यांचा सराव, शुद्धलेखन, बीजगणितातली लांबलचक उदाहरणे यांना वर्गातली शांतता लागते. बाहेर नेताना हातात सहा पानी स्वाध्यायपत्रिका दिली तर मुले खाली मान घालून रकानेच भरत बसतात. एक प्रश्न आणि एक मोजणी एवढे पुरते. ‘पोर्शन कसा पुरा होणार?’ ही चिंता खरी आहे. तिचे उत्तर नियोजनात आहे: सुंभाच्या दोरीच्या एका तासात काटकोन, क्षेत्रफळ, सरासरी, अनुकूलन आणि सूचनालेखन असे चार-पाच घटक येतात आणि त्यांचे तास वाचतात. त्यासाठी बाहेर पडण्याआधी त्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलांना काय यायला हवे याची ठरलेली यादी, समोर ठेवून कोणत्या निष्पत्तीसाठी हे काम आहे ते लिहून काढावे, आणि परत आल्यावर मुलांचे आलेख, सूचना, नकाशे व मुलाखती आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या नोंदीत लावाव्यात. केंद्रप्रमुखांनी विचारले तर तीच नोंद दाखवता येते, आणि पुढच्या वर्षी त्या इयत्तेला शिकवणाऱ्या शिक्षकाला भरतीच्या वेळा, विहिरीची पातळी आणि पावसाचे आकडे तुलनेसाठी तयार मिळतात.